चौसष्ट शिलिंगांचा चहा

आमच्या हॅरोतल्या एका बँकेच्या शाखेचं हल्ली कॉफीचं दुकान झालंय. बाहेरच्या भिंतीतली लोखंडी झडप तेवढी शिल्लक आहे. संध्याकाळी बँक बंद झाल्यावर दुकानदार दिवसभराचा गल्ला पाकिटात घालून तिच्यातून आत सोडत. शेजारच्या आजी जाता-येता ती झडप एकदा ओढून बघतात. रंगाचे थर बसून ती कधीचीच घट्ट झालीय. आजी याच शाखेत काउंटरवर होत्या.

१० फेब्रुवारी १९७१, बुधवार. दुपारी साडेतीनला देशभरच्या बँका बंद झाल्या, त्या उघडल्या थेट सोमवारी, १५ तारखेला. मधल्या दिवसांत साचलेले चेक निकालात काढायचे आणि खात्यांवरचे शिलिंग-पेन्स नव्या पेन्सांत उतरवायचे. तोवर बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड होता; आता शंभर पेन्सांचा पौंड आला. एवढं करून सहा पेन्सांचं जुनं नाणं १९८० पर्यंत चालूच राहिलं. त्याची नवी किंमत अडीच पेन्स!

मी म्हटलं, "आमच्याकडे आणे जाऊन नवे पैसे आले ते १९५७ साली. तुमच्या चौदा वर्षं आधी." आजींना पटेना. त्यांनी नातवाच्या फोनवर खात्री करून घेतली, मग म्हणाल्या, "पण पाढे आमचेच अवघड." आणि सुरूच झाल्या: वीस पेन्स म्हणजे एक शिलिंग आठ, तीस म्हणजे दोन शिलिंग सहा, चाळीस म्हणजे तीन शिलिंग चार... शाळेत घोकलेलं, एका दमात. मला वडिलांची पावकी-निमकी आठवली. औटकीपर्यंत तेही असेच न अडखळता म्हणत. मला दिडकीसुद्धा धड येत नाही, हे मी आजींना सांगितलं नाही.

काल आम्ही त्याच दुकानात बसलो. आजींनी यंत्राला कार्ड टेकवलं आणि पावती मागून घेतली. ती त्या नेहमी मागतात. चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला: तीन पौंड वीस.

"चौसष्ट शिलिंग," त्या म्हणाल्या. "एका चहाला!"

मी फोन काढून गुणाकार करून पाहिला. बरोबर होतं.