आक्कांचा हात

वनस्पतीशास्त्रात बीएस्सी करून मी नारायणगावजवळच्या एका रोपवाटिकेत लागलो, तेव्हा प्रकाशसंश्लेषणाचं समीकरण मला तोंडपाठ होतं. रोप हाताला कसं लागायला हवं, हे शिकवलं आक्कांनी. त्या तिथे रोजंदारीवर होत्या आणि मी त्यांचा सुपरवायझर!

शेडनेटखाली टोमॅटोची रोपं उंच, लुसलुशीत झाली होती. ट्रे गाडीत भरू का, असं मी विचारलं. “एवढ्यात नको साहेब, सावलीत वाढल्यात ती. एखादं पान उन्हात फुटू द्या,” आक्का म्हणाल्या. मग सकाळी थोडा वेळ नेट बाजूला, पुढे दुपारपर्यंत, शेवटी दिवसभर. पाणीही हात आखडूनच. वाढ मंदावली, पानं जरा राठ झाली, देठावर जांभळट झाक आली. ती झाक दिसल्यावरच त्या ट्रे उचलू देत.

थंडीत पारा दहाच्या खाली जाईलसं वाटलं की टोमॅटो-मिरचीवर त्या प्लास्टिक ओढायच्या. कोबी मात्र उघडाच. मला हा पक्षपात वाटे. “त्याला सोसतं,” एवढंच उत्तर मिळे. का सोसतं, हे शोधण्याच्या हट्टापायीच मी पुढे एमएस्सीला गेलो. थंडी हळूहळू वाढत गेली तर कोबी पेशींत साखर साठवतो, पेशीपटलातले स्निग्ध पदार्थ बदलतो, त्यामुळे पटल ताठरत नाही. टोमॅटोला हे फारसं जमत नाही.

प्रयोगशाळेत एकदा आंब्याची दोन पानं घेतली, एक शेंड्यावरचं, एक आतल्या सावलीतलं. ब्लेडने पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. उन्हातल्या पानात उभ्या पेशींचा थर उंच, दाट. सावलीतल्या पानात तोच आखूड, विरळ. पूर्ण वाढलेलं सावलीतलं पान उन्हात आणलं, तर त्यातली हरितलवकं तीव्र उजेड टाळायला पेशींच्या बाजूच्या भिंतींकडे सरकतात, रंगद्रव्यांचं प्रमाणही थोडं बदलतं. पण जाडी फारशी वाढत नाही. ती मिळते उन्हात घडलेल्या नव्या पानाला. आक्का नव्या पानासाठी का अडून बसायच्या, ते तेव्हा कळलं. सरांनी केलेलं कौतुक मला मिळालं, ते खरं आक्कांचं होतं.

आता मी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. रोज रोपांच्या शेंड्यांवरून हात फिरवला की ती बुटकी आणि जाड देठाची होतात, हे पुढे वाचनात आलं. आक्का ते रोज करायच्या. नारायणगावला गेलो तेव्हा मोठ्या उत्साहाने मी त्यांना हे सांगितलं. त्या हसल्या. “मी कुठं त्यासाठी फिरवते? हात फिरवला की कुठला ट्रे सुकलाय ते कळतं.”