बैठकीखालचे पाणी

होडीत गालिचा घालणारा शेतकरी तुम्ही कधी पाहिला आहे काय? पाहिला नसेल तर मी तुमच्यापुढे बसलोच आहे. त्या गालिच्याने आम्हाला काय शिकवले, ते आज सांगतो. पाण्याकाठच्या मंडळींना उपयोग होईलच, पण ज्यांच्या गावात ओढासुद्धा नाही त्यांनीही वाचावे.

पानशेतच्या जलाशयाकाठी आमचे घर, आणि पाण्याच्या पलीकडे थोडी भातखाचरे. वळसा घालून जायचे तर निम्मा दिवस मोडतो, होडीने गेले की वीस मिनिटांत पोचतो. होडी फायबरची, १२ फुटी, पुण्यात जुनी घेतलेली. तीन बैठका तिच्या अंगातच बसवलेल्या. सात वर्षांपूर्वी मी हौसेने तळाला जाड केसाळ गालिचा चिकटवला. आमच्या घरातल्या माणसाचे गुडघे दुखायचे, पाय टेकायला मऊ लागावे एवढाच हेतू. बैठका न काढता त्यांच्या कडेपर्यंत कापड कापले आणि गोंदाने घट्ट बसवले. सगळ्यांनी वाखाणले.

मागच्या भाद्रपदात होडी जड लागू लागली. बायको म्हणाली, "अहो, वल्हं ओढताना खांदं भरून येत्यात. होडीला काय झालंय का?" मी म्हणालो, "होडीला नाही, तुला वय झालंय." पुढच्याच आठवड्यात वारा सुटला. होडीत आम्ही दोघे, नात आणि भाताच्या दोन पेंढ्या. लाटेचे पाणी काठावरून आत आले आणि काठाला लागेपर्यंत पाणी पोटरीपर्यंत चढले. नात रडली नाही, पण माझा हात मात्र तिने घरी पोचेपर्यंत सोडला नाही.

पाण्याची भीती आमच्या खोऱ्याला नवी नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, खडकवासल्याचा बांधही गेला आणि निम्मे पुणे मुठेच्या पाण्यात उभे राहिले. मी तेव्हा लहान होतो. वडील सांगायचे, "पाणी आधी आतून पोखरतं, मग बाहेरून दिसतं." त्यांचा तो शब्द मला उशिरा आठवला.

चैत्रात गालिचा बदलायचे ठरले. थोरला मुलगा पुण्यात असतो. तो म्हणाला, "आप्पा, बैठका कशाला काढायच्या? कडेनं कापू, नवा चिकटवू, एका रविवारात काम होईल." मी हो म्हटले. टेम्पोत होडी घालून पुण्याला नेली. त्याने पुढची बैठक हलते म्हणून ग्राइंडर लावून ती तेवढी सोडवली, आणि घात झाला. होडीचे काठ पाऊण इंच बाहेर फाकले! मग मात्र आम्ही घाबरलो आणि होडी संगमाकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली.

मुळा आणि मुठा जिथे भेटतात त्या भागाला होड्यांचा जुना राबता आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब तिथेच. १९२८ पासून तिथली मुले नदीवर रेगाटा, म्हणजे होड्यांची जत्राच म्हणा, भरवत आली आहेत. मिस्त्रींचे आयुष्य अशाच होड्यांच्या दुरुस्तीत गेलेले. त्यांनी होडीभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "घराची तुळई काढायच्या आधी टेकू देता का नाही?"

"देतो की."

"मग हिला का नाही दिला? बैठक बसायला असती, तशी दोन्ही बाजू धरून ठेवायलाबी असती."

गाडीचे ओझे आवळतो तसा त्यांनी काठाला दोर बांधून दांडक्याने पीळ दिला आणि काठ पुन्हा जागेवर आणले. वर आडवा वासा ठोकला. तीन ठिकाणची रुंदी खडूने होडीवरच लिहिली. मग एका वेळी एकच बैठक काढायची, तिची जागा मोजायची, स्क्रूंना नंबर घालायचे आणि मगच दुसरीला हात लावायचा, असा त्यांचा नेम. फायबरची धूळ छातीत जाते म्हणून तोंडाला फडके आणि अंगात लांब बाह्यांचा सदरा सक्तीचा.

मधली बैठक निघाली तेव्हा वास आला तो मेलेल्या डबक्यासारखा. प्लायवूड बोटाने तुटत होते. गालिच्याच्या मुळाशी पाणी साचून राहायचे, ऊन लागायचे नाही, आणि बैठकीच्या पोटात झिरपत जायचे. आत फोमचा ठोकळा होता. कोरडा असता तर किलोभर भरला असता. आम्ही काट्यावर घातला, अकरा किलो भरला! असे चार ठोकळे निघाले.

तेव्हा मिस्त्रींनी जे समजावले ते सगळ्यांनी ध्यानात ठेवावे. फायबर पाण्याहून जड, पाणी भरले की ते तळ गाठते. त्याला वर धरतो तो बैठकीखालचा फोम. एक घनफूट पाणी सुमारे २८ किलो भरते, म्हणून एक घनफूट कोरडा फोम तेवढेच ओझे उचलून धरतो. चार घनफुटांचे शंभराहून जास्त किलो झाले. तोच फोम पाणी प्यायला की त्याची उचलायची ताकद घटते आणि तो स्वतःच ओझे होतो. म्हणजे भाद्रपदात आमची नात ज्या बैठकीवर बसली होती, तिच्याखालचा आधार केव्हाच घटलेला होता. मी काही बोललो नाही. बायको माझ्याकडे पाहत म्हणाली, "वय मला न्हाई, हिला झालं हुतं."

पुढचा महिना कामाचा गेला. टिंबर मार्केटमधून चांगले प्लायवूड आणले, बोहरी आळीतून न गंजणारे स्टीलचे स्क्रू. थर्माकोल घालू नका, रेझीन आणि पेट्रोलने ते विरघळते, असे मिस्त्रींनी बजावले. पाणी न पिणारा बंद छिद्रांचा फोम घातला. प्लायवूडच्या कडांना आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकात रेझीन भरले. होडी मात्र त्याआधी तीन आठवडे सावलीत, वाऱ्याला सुकत ठेवली. घाई केली असती तर ओल पुन्हा आत कोंडली असती. आता गालिचा चिकटवलेला नाही, सुटे दोन तुकडे आहेत. घरी आलो की काढून दांडीवर वाळत घालतो. पाणी जायच्या भोकावर काहीही ठेवत नाही.

मृगाच्या चार दिवस आधी होडी घरी आली. मिस्त्रींचा शेवटचा हुकूम होता, "काठाला मुद्दाम बुडवून बघा." कमरेएवढ्या पाण्यात आम्ही बादल्यांनी होडी भरली. काठ पाण्याबरोबर आले आणि तिथेच थांबले. मुलगा आत बसला, तरी होडी तळाला गेली नाही. मग नातीसाठी जीवरक्षक जाकीट घेतले, आम्हा दोघांसाठीही घेतले.

मंडळी, पेव असो, गोठ्याची गव्हाण असो की घराचे पोटमाळे, वर्षातून एकदा बैठक उचलून खाली पाहावे. आणि रोज वल्हे मारणारे माणूस जड लागते म्हणाले, तर त्याचे वय न काढता आधी होडी तपासावी.