नात्याचा रकाना

कुंभकोणमला माझ्या पत्नीचे मामा राहतात. एकोजीराजांनी तंजावर घेतल्यानंतर जी देशस्थ घराणी कावेरीकाठी उतरली, त्यांतलेच हे एक. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तमिळ शेजारातही घरात मराठी टिकलेली, आणि पुण्याने केव्हाच अडगळीत टाकलेले शब्द तीत अद्याप नांदते असल्यामुळे मामांशी बोलताना मला कित्येकदा बखरीतल्या एखाद्या कारकुनाशी बोलल्याचा भास होतो. वय एक्क्याऐंशी. उभी हयात नोंदणी खात्यात काढून ते दुय्यम निबंधक म्हणून निवृत्त झाले. सकाळी विजयींद्रतीर्थांच्या मठात जाऊन आल्याखेरीज कॉफीच्या डबऱ्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम मी तीस वर्षे पाहत आहे.

एप्रिल २०२३ मध्ये आम्ही तेथे उतरलो, तेव्हा दिल्लीस सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे समलिंगी विवाहाची सुनावणी नुकतीच, म्हणजे १८ तारखेस, सुरू झाली होती, आणि तिचे थेट प्रक्षेपण मामा नातवाच्या टॅब्लेटवर, मध्येच दप्तरी कागदावर टिपणे करीत, भक्तिभावाने पाहत असत. मत विचारण्याची गरजच नव्हती. विवाह हा षोडश संस्कारांपैकी एक; त्यात वर आणि वधू, होम आणि सप्तपदी; न्यायालयाने त्यात हात घालू नये. संघाचे दत्तात्रेय होसबाळे मार्चमध्ये हेच बोलले होते. अखिल भारतीय संत समिती आणि जमियत उलेमा-ए-हिंद, एरवी एका पंगतीस न बसणाऱ्या या दोन संस्था विरोधासाठी एकाच न्यायालयात उभ्या राहिलेल्या पाहून मात्र मामांना खुदकन हसू आले.

मी पुण्याचा, त्यातून निवृत्त प्राध्यापक; वाद घालणे हा माझा जन्मसिद्ध हक्क. नागेश्वराच्या देवळाच्या भिंतीवरील चोळकालीन अर्धनारीश्वराची मी साक्ष काढली, तर ‘आम्ही माध्व, शिवाकडचे दाखले आम्हांस लागू नाहीत,’ एवढ्यावर तिची बोळवण झाली. तेव्हा मी त्यांच्याच गावचा माणूस पुढे केला. दिवाणबहादूर रघुनाथराव, १८३१ साली याच कुंभकोणमला जन्मलेले, इंदूरचे दिवाण, टी. माधवरावांचे चुलतबंधू, विधवाविवाहासाठी त्यांनी आपल्याच ज्ञातीच्या पंडितांशी हयातभर झुंज दिली, आणि तेव्हाही संस्कार बुडाला अशीच हाकाटी झाली होती, असे मी जरा चढ्या आवाजात म्हणालो.

मामा शांत होते. ‘रघुनाथरावांनी शास्त्र उघडून शास्त्रींना जाब विचारला,’ ते म्हणाले, ‘म्हणून शास्त्रींना उत्तर देणे भाग पडले. हे वकील आमच्याशी बोलतच नाहीत; ते १९५४ च्या विशेष विवाह कायद्याशी बोलतात.’ हा आक्षेप मला अनपेक्षित होता. वस्तुतः त्याला प्रत्युत्तर आहे. तो कायदा झाला तोच धर्माकडे न जाणाऱ्यांसाठी. पण ते मला रात्री अंथरुणावर सुचले, आणि तोवर मामा घोरत होते.

त्यांच्या सनातनीपणाला एक विलक्षण फट होती, ती नोकरीची. १९६७ साली अण्णादुराईंच्या सरकारने पुरोहित आणि होम यांवाचून झालेल्या स्वाभिमान विवाहांना कायदेशीर ठरविले, तेव्हा मामा तरुण कारकून होते. पुढे असली कित्येक लग्ने त्यांनी स्वहस्ते नोंदविली. ‘ते लग्न नव्हे,’ ते आजही म्हणतात, ‘पण दस्त खरा.’ तूतुक्कुडीच्या देवळात एका पारलिंगी वधूचे लग्न झाले, निबंधकाने ते नोंदण्यास नकार दिला, आणि २०१९ साली मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुरा खंडपीठाने ‘वधू’ या शब्दात तीही येते असा निवाडा दिला, त्याची प्रत मामांच्या फडताळात होती, समासात पेन्सिलीच्या खुणांसह. तिथे वर आणि वधू दोन्ही शाबूत राहिले, म्हणून त्यांची हरकत नव्हती. एका मस्तकात श्रोत्रिय आणि सरकारी अंमलदार असे सुखाने बिऱ्हाड करून राहू शकतात, हे मी अन्यत्र पाहिलेले नाही.

चौथ्या दिवशी पत्नीने कुत्तालमजवळच्या तिरुमणंचेरीस जाण्याचा घाट घातला. तेथे शिवपार्वतींचे लग्न लागले अशी श्रद्धा. ज्यांचे लग्न जमत नाही त्यांच्यासाठी देवाला माळ वाहायची, प्रसाद म्हणून मिळालेली माळ घरी जपायची, आणि लग्न झाल्यावर जोडप्याने ती घेऊन पुन्हा दर्शनास यायचे. आमचा मुलगा चौतिशीचा. बंगळूरला आपल्या मित्रासह सहा वर्षे एका घरात राहतो. तो मित्र म्हणजे कोण, हे त्याने वर्षापूर्वी मला सांगितले होते, आईला सांगण्याचे काम माझ्याकडे सोपविले होते, आणि ते मी केले नव्हते. रांगेत दोन तास मी ती माळ ओल्या पानात धरून उभा होतो. अर्धनारीश्वर आणि रघुनाथराव यांपैकी कोणीही मला तेथे आठवले नाही.

त्या रात्री तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, वीज गेलेली असताना, मी हे मामांना सांगितले. पुष्कळ वेळ ते काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, ‘घर कुणाच्या नावावर?’

‘मुलाच्या.’

‘आणि मृत्युपत्र?’

‘नाही.’

‘मग उद्या काही बरेवाईट झाले तर वारस माझी भाची. आईचा हक्क पहिला; बापाचा नंतर. तो दुसरा मुलगा रस्त्यावर.’ आणि उठताना म्हणाले, ‘लग्न मी म्हणणार नाही. ते मला सांगू नका.’

पत्नीला मी त्याच रात्री सारे सांगितले, असे येथे लिहिता आले असते तर बरे झाले असते.

१७ ऑक्टोबरला निकाल लागला. विवाहाचा मूलभूत हक्क नाही, यावर पाचांचे एकमत. विवाहाखेरीज अन्य रीतीने नात्यास मान्यता देण्याचा प्रश्न तीन विरुद्ध दोन असा निकालात निघाला, त्यात सरन्यायाधीश चंद्रचूड अल्पमतात. दिवाळीच्या सुमारास कुंभकोणमहून जाड लिफाफा आला. आत मामांच्या बाळबोध अक्षरात मृत्युपत्राचा आणि मुखत्यारपत्राचा मसुदा, साक्षीदारांच्या जागा आखून, मिळकतीच्या चतुःसीमांसाठी ओळी सोडून. ज्याच्या हक्काला यातून बाध येणार त्या वारसास आधी कळविणे हा त्यांचा खात्यातला शिरस्ता, म्हणून लिफाफ्यावर नाव माझे नव्हते, भाचीचे होते.

तिने तो जेवणाच्या मेजावर बसून दोनदा वाचला. देवघरातील खिळ्यावर तिरुमणंचेरीची माळ वाळून काळी पडली होती. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उभाच होतो. शेवटच्या तक्त्यात नाव, वय, पत्ता असे रकाने शाईने आखलेले होते. ‘नाते’ या रकान्यापुढे काहीच नव्हते. तिने चष्मा काढून तेथे बोट ठेवले आणि माझ्याकडे न पाहता विचारले,

‘हा मामांनी कोरा का ठेवला?’