लाकडी जिने आणि पाण्याची शाई

गिरगावात जगन्नाथ शंकरशेट मार्गावरून खोताच्या वाडीत वळताच रहदारीचा गोंगाट मागे पडतो. अरुंद गल्ली, रंगवलेल्या लाकडी गॅलऱ्या, बाहेरून वर चढणारे जिने आणि उतरती कौलारू छपरे. दादोबा वामन खोत यांच्या नावावरून ओळखल्या जाणाऱ्या या वाडीत ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरे बांधली. एकेकाळी ती ६५ होती. आज निम्मीही उरलेली नाहीत.

या परिसराला छपाईची जुनी ओळख आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढले. शाईत चरबी असते म्हणून सोवळ्यातील मंडळी छापील कागदाला शिवत नसत. तेव्हा त्यांनी तूप घालून शाई केली, असे सांगतात. १८६९ मध्ये जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि पुढे तो जवळच्या काळबादेवीतील कोलभाट गल्लीत नावारूपाला आला.

लग्नपत्रिका, पिशव्या आणि कापडावरील छपाईसाठी आज अनेक छोटे कारागीर स्क्रीन प्रिंटिंग करतात. चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर रसायनाने उठवलेली आकृती आणि रबरी पट्टीने ओढलेली शाई, एवढाच तिचा पसारा. धोका दिसत नाही, तो वासातून कळतो. थिनरमधील टोल्युइन व झायलीन यांच्या वाफेने डोके दुखते, भोवळ येते. वर्षानुवर्षे ती श्वासात गेल्यास मज्जासंस्थेला इजा होते. जुन्या पद्धतीच्या लेपातील डायक्रोमेट कर्करोगकारक आहे. त्यातच घर लाकडी आणि गल्ली चिंचोळी असेल, तर थिनरचा उघडा डबा साऱ्या शेजाराला संकट ठरतो.

अशा वस्तीत कार्यशाळा मांडायची तर प्रथम शाई बदलावी. कागद आणि सुती कापडासाठी पाण्यात मिसळणारी शाई चालते व चौकट पाण्याने धुता येते. उन्हाळ्यात ती जाळीतच सुकू लागते, म्हणून काम हातावेगळे होताच चौकट धुवावी; पावसाळ्यात छापलेला कागद वाळायला वेळ लागतो, म्हणून दोरीवर मोकळी जागा ठेवावी. डायक्रोमेटऐवजी डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर लेप घ्यावा. थिनर लागलाच, तर त्याची वाफ हवेहून जड असल्याने पंखा जमिनीलगत बसवून ती बाहेर ओढावी. मात्र तिचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नसावे. माखलेल्या चिंध्या झाकणाच्या लोखंडी डब्यात टाकाव्यात. हातात नायट्राइल मोजे असावेत, आणि चहा-डबा त्या खोलीत आणू नये.

‘पाण्याची शाई’ म्हणजे निर्धोक शाई नव्हे. तिच्यातही रंगद्रव्ये व टिकाऊपणासाठी घातलेली रसायने असतात. विक्रेत्याकडून सुरक्षा माहितीपत्रक मागून घ्यावे. उरलेली शाई खरवडून डब्यात परत भरावी आणि मगच चौकट धुवावी, म्हणजे गटारात कमी जाते.

जैन कुटुंबांसाठी आणखी एक प्रश्न आहे. जुन्या लेपात जिलेटिन असते आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनते. पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे लेप त्याची जागा घेऊ शकतात. शुभकार्याची पत्रिका छापून घेताना शाई कोणती, लेप कशाचा आणि कारागिराच्या खोलीला खिडकी आहे का, एवढे विचारणे हीदेखील यतनाच आहे. मागणी आली, तर कारागीरही पंखा आणि नवा लेप यांचा खर्च करायला धजावेल.