कानातला रातकिडा

आमच्या दिवाणखान्यात छत्रीच्या शेजारच्या खुंटीवर एक काळी वस्तू लोंबकळत असते. दोन मोठ्या वाट्या, त्यांना जोडणारी कमान, तोंडापाशी येणारी एक वाकडी दांडी आणि शेवटी दोन टोकांची लांबलचक वायर. दिवाळीत फराळाला आलेली मंडळी चिवड्याची बशी हातात घेऊन हमखास तिच्यासमोर उभी राहतात. "गाणी ऐकता वाटतं?" असे कुणीतरी विचारतेच. मी "हो" म्हणून मोकळा होतो. खरे उत्तर द्यायला बसलो तर चहा निवतो. आज मात्र वाचकांचा चहा निवला तरी चालेल, असे मी ठरवले आहे.

मी वैमानिक होतो. मोठ्या विमानांचा नव्हे. फ्लाइंग क्लबात पोरांना विमान चालवायला शिकवणारा मास्तर. मी स्वतः शिकलो १९७२ साली, 'पुष्पक' नावाच्या विमानावर. बंगलोरला बनलेले, कापडाने मढवलेले, नव्वद अश्वशक्तीचे. दोघांनी खांद्याला खांदा लावून बसायचे. आता कालिदासाने रघुवंशात एक सबंध सर्ग राम आणि सीता पुष्पकातून अयोध्येला येतात त्या प्रवासाला दिला आहे. राम सीतेला खालचा समुद्र दाखवतो, आश्रम दाखवतो, विरहातल्या जागा दाखवतो आणि किती हळुवारपणे बोलतो! आमच्या पुष्पकात बसल्यावर माझी खात्री झाली की त्या विमानाला इंजिन नसले पाहिजे. आमच्यात रामाने सीतेच्या कानाशी तोंड नेऊन "तो बघ समुद्र!" असे बोंबलले असते आणि तिने "काय?" असे विचारले असते.

आमचे मास्तर असेच बोंबलत. "डावा पाय! डावा पाय!" मी कापसाचे बोळे कानात घालून बसायचो. तेही पहिले दोन महिने. मग लक्षात आले की जुनी मंडळी कापूस घालत नाहीत. त्यांचे म्हणणे असे की इंजिन हे कानाने चालवायचे असते, आणि ते अगदीच खोटे नव्हते. आमच्या क्लबात एक वयस्कर मेकॅनिक होते, ते चहा पिता पिता मान वर न करता सांगत, "त्याचा एक प्लग काळा पडलाय." आणि तो पडलेला असे. तेव्हा कापूस गेला. गोंगाट सोसणे हा पुरुषार्थ होता, आणि पंचविशीच्या माणसाला पुरुषार्थ फार स्वस्तात विकता येतो.

पुढे सेसना विमाने आली, त्यांच्याबरोबर जड हेडसेट आले. त्यांच्याविषयी कृतज्ञता बाळगावी असे आज वाटते, पण तेव्हा आम्ही त्यांना शिव्याच देत होतो. आवाज अडवण्याचा त्यांचा उपाय एकच: डोके दोन्ही बाजूंनी आवळून धरायचे. तासाभरात कानशिले ठणकू लागत. चष्मा असला तर काडीपाशी वाटी किंचित उचलली जाई आणि तेवढ्या फटीतून सबंध इंजिन आत शिरे. मे महिन्यात वाट्यांच्या गाद्या घामाने चिकट होत, मग सोलत. आणि एवढे करून बारीक, तीक्ष्ण आवाज थांबत. जाडाभरडा घरघराट मात्र हाडांतून यायचा तो येतच राही.

त्या घरघराटाचे गणित सोपे आहे. आमच्या विमानाचा दोन पात्यांचा पंखा मिनिटाला २४०० फेरे घेई, म्हणजे सेकंदाला ४०. पाती दोन, तेव्हा हवेला सेकंदाला ८० फटके. इंजिनाच्या चार सिलिंडरांतले स्फोटही मोजाल तर सेकंदाला ८० च. असे फटके खात मी दिवसाला चार-पाच तास हवेत असे आणि मग घरी येई. घरी आमची सौ. म्हणे, "अहो, विमान खाली उतरलंय. हळू बोला."

या घरघराटाला घालवण्याची युक्ती तशी जुनी. पाउल ल्यूग नावाच्या जर्मन गृहस्थाला १९३६ साली तिचे अमेरिकन पेटंट मिळाले होते. शांत तळ्यात एक लाट उठली की नेमकी तिच्या उलट दुसरी लाट सोडायची. हिचा उंचवटा तिच्या खळग्यात बसला की पाणी सपाट. कागदावर हे झकास. पण कानात शिरणारी लाट ओळखून त्याच क्षणी तिची उलटी लाट तयार करणारे यंत्र बनवायला आणखी पन्नास वर्षे जावी लागली. ते ज्याने बाजारात आणले तो अमर बोस. स्वातंत्र्यचळवळीत तुरुंगवास भोगून अमेरिकेला गेलेल्या एका बंगाली गृहस्थाचा मुलगा. १९७८ साली झुरिकहून बॉस्टनला परतताना विमानात गाणी ऐकायला म्हणून त्याला हेडफोन दिले गेले आणि इंजिनाच्या आवाजात त्याला गाणे काही लागेना. दुसऱ्या कुणी हवाईसुंदरीशी हुज्जत घातली असती; याने बसल्या जागी कागद काढून गणित मांडले. १९८६ साली रुटान आणि येगर ही जोडी कुठेही न उतरता नऊ दिवसांत पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आली, तेव्हा त्यांच्या कानांवर असले प्रायोगिक हेडसेट होते. १९८९ पासून ते वैमानिकांना विकत मिळू लागले. मला मिळाला १९९८ साली. धाकट्या भावाने अमेरिकेहून आणला. किंमत ऐकून मी त्याला परत न्यायला सांगितले होते.

पहिला दिवस अजून आठवतो. शेजारी एक विद्यार्थी, खाली भाताची खाचरे, वर निळे आकाश. मी बॅटरीच्या डबीवरचे बटण दाबले आणि इंजिन बंद पडले. निदान मला तसे वाटले. पोटात खड्डा पडला, हात आपोआप पुढे गेला, डोळे खाली उतरायला शेत शोधू लागले. मग काट्याकडे पाहिले. २४००. पंखा आपला गरगरतो आहे. विद्यार्थी माझ्याकडे आश्चर्याने बघत होता.

असा घाबरलेला मी एकटाच नव्हे. ज्या ज्या वैमानिकाला पुढे विचारले, त्याने थोड्याफार फरकाने हीच हकीकत सांगितली, आणि प्रत्येकाने शेत शोधल्याचे हळूच कबूल केले.

घरघराट गेल्यावर इतर गोष्टी ऐकू येऊ लागल्या. दाराच्या फटीतून वारा शीळ घालतो हे कळले. विद्यार्थ्याचा आवाज कापतो हेही कळले. तीन आठवडे हा मुलगा माझ्या शेजारी बसून भीत होता, आणि मी त्याला "मोठ्यानं बोल!" म्हणून दटावत होतो.

आणि एक शीळ आणखी. बारीक, उंच, अखंड. जणू वाटीत रातकिडा बसला आहे. मला वाटले, यंत्रातच दोष. विकणाऱ्या कंपनीला कडक पत्र लिहिले, हेडसेट परत पाठवला. तीन महिन्यांनी तो जसाच्या तसा परत आला. सोबत नम्र चिठ्ठी, 'दोष आढळला नाही.' मी संतापलो. त्या रात्री वीज गेली होती. पंखा बंद, फ्रीज बंद, गल्ली चिडीचूप. मी अंथरुणावर पडलो होतो आणि हेडसेट दुसऱ्या खोलीत होता. शीळ चालूच होती.

कानाच्या डॉक्टरांनी मला काचेच्या खोलीत बसवले, टुक् ऐकू आले की बटण दाबायला सांगितले. मी पुष्कळ वेळ काहीच न दाबता बसलो. मला वाटले, यंत्र अजून सुरू झाले नाही. मग त्यांनी आलेख दाखवला. रेघ सरळ येत येत ४००० च्या आकड्यापाशी दरीत कोसळली होती. गोंगाटात काम करणाऱ्यांची दरी इथेच असते, म्हणाले. आतले बारीक केस मरतात, ते पुन्हा उगवत नाहीत. आधी पाखरांचे आवाज जातात, मग बोलण्यातले स, श, त, थ, फ. परवाना वाचला, कारण रेडिओवरचे मला ऐकू येत होते.

घरचे मात्र ऐकू येत नव्हते. सौ. भाचीच्या लग्नाचा मुहूर्त सात म्हणाली, मी आठ ऐकला आणि तिला घेऊन अक्षता संपल्यावर पोचलो. रेडिओवर नऊला 'नायनर' म्हणायची रीत आहे, पाचाशी घोटाळा होऊ नये म्हणून. संसारात अशी सोय कुणी केलेली नाही. मी डॉक्टरांचा आलेख तिच्यासमोर ठेवला. तिने बराच वेळ पाहिला. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मुद्दाम करत नव्हता," ती म्हणाली, आणि स्वयंपाकघरात गेली. ती काय पुटपुटली, ते मला ऐकू आले नाही.

त्यानंतर क्लबात मी पोरांच्या कानांच्या मागे लागलो. जुनी मंडळी हसली. त्यांची एक शंका मात्र रास्त होती: एवढी शांतता झाली तर धोक्याची सूचना ऐकू येईल का? २००७ साली अमेरिकेच्या विमान प्रशासनानेही हाच इशारा दिला. मी आधीच तपासून पाहिले होते. वेग फार कमी झाला की सेसनाच्या पंखाच्या कडेतली पिपाणी वाजते. चार हजार फुटांवर जाऊन ती पुन्हा पुन्हा वाजवून बघितली. ऐकू येत होती. इंजिन खडखडू लागले तर ते कानांआधी बुडाखालच्या आसनाला कळते, हेही जाणवले. पण हे आमच्या विमानापुरते. दुसऱ्याने आपापल्या विमानात स्वतः तपासावे.

एकदा घाटावर बॅटऱ्या संपल्या. एका क्षणात सगळा घरघराट कानावर कोसळला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आले. हा आवाज मी पंचवीस वर्षे नुसत्या हौसेने ऐकला होता.

आता मी उडत नाही. नरकचतुर्दशीला पहाटे गल्लीत माळ लागली की सगळे कानात बोटे घालतात. आमची सहा वर्षांची नात फटाक्यांना भारी भिते. गेल्या वर्षी तिने खुंटीवरून हेडसेट ओढून काढला, उटण्याच्या वासासकट डोक्यावर चढवला आणि माझ्या मांडीवर येऊन बसली. मी बटण दाबून दिले. डोळे मिटून ती थोडा वेळ गप्प राहिली.

"आजोबा, फटाके लांब गेले," ती म्हणाली. मग एक वाटी कानावरून सरकवून विचारले, "तुमच्या कानात काय वाजतं हो? आजी म्हणते, किडा आहे."

"रातकिडा," मी म्हटले.

तिने आपला ओला कान माझ्या कानाला चिकटवला आणि श्वास रोखून ऐकत राहिली.

"मला नाही ऐकू येत," ती म्हणाली. "त्याला सांगा ना, मोठ्यानं बोल."