सोळा वर्षांचं अंतर आणि एक घरजावई

सोळा वर्षं! म्हणजे ही पाळण्यात होती तेव्हा तो, आपल्या हिशेबाने, दहावीची गाइडं पाठ करत होता. जेन ऑस्टिनच्या 'एमा'मधली ही जोडी. कादंबरी आली डिसेंबर 1815 मध्ये. एमा वुडहाउस एकविशीला टेकलेली, मिस्टर नाइटली सदतीस-अडतीसचा. वर नातं काय, तर तिच्या मोठ्या बहिणीचा थोरला दीर! सोनम कपूरचा 'आयशा' (2010) पाहिला असेल, तर त्याची मूळ गोष्ट हीच.

मी ही कादंबरी सध्या दुसऱ्यांदा वाचतेय आणि कारण अजिबात साहित्यिक नाही. मी अठ्ठावीस, तो चाळीस. त्याने बारावीचा निकाल सायबर कॅफेत रांग लावून पाहिला, मी मोबाइलवर. तो बंगळुरूत, मी डोंबिवलीत आईसोबत. बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच. तिला अजून सांगायचंय. तिचा पहिला प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय, "अगं, बारा वर्षं?"

तिचंही चूक नाही म्हणा. वयातलं अंतर म्हटलं की मराठी माणसाला पहिली आठवते देवलांची 'संगीत शारदा' (1899). पैशांसाठी पोरीला म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप, आणि शारदेला विचारतंय कोण!

'एमा'त मात्र मनसोक्त हसायला येतं, कारण सगळी माणसं कशी आपल्याच बिल्डिंगमधली! वडील मिस्टर वुडहाउस यांच्या मते पातळ पेज हेच खरं अन्न, लग्नातला केक तब्येतीला घातक आणि वाऱ्याची झुळूक म्हणजे संकट. मिस बेट्स बोलायला लागल्या की ना कॉमा, ना फुलस्टॉप. आणि एमा? गावभर जोड्या जुळवत सुटलेली, आणि तिचे नेम भलतीकडेच लागणारे.

नाइटली तिला येताजाता लेक्चर देतो. पण ती कुठे गप्प बसते? तोडीस तोड भांडते. एमाच्या ज्या मैत्रिणीला, हॅरिएटला, त्याने बावळट ठरवलेलं असतं, तिच्यातले गुण तो पुढे स्वतःहून मान्य करतो. तेविशीतल्या फ्रँक चर्चिलवर तर हा समजूतदार माणूस चक्क जळतो! बॉक्स हिलच्या पिकनिकला एमा मिस बेट्सना सगळ्यांसमोर लागेल असं बोलते, तेव्हा तो तिला सुनावतो, पण एकटीला गाठून. त्याचा मुद्दाही साधा असतो. त्या बाई गरीब आहेत, त्यांची चेष्टा करणं शोभत नाही.

एक जागा मात्र मला खुपते. शेवटी तो हसत हसत सांगतो की, तू तेरा वर्षांची असल्यापासून मी तुझ्या प्रेमात आहे. सॉरी बॉस, हे 'क्यूट' नाही.

पण मग येतं लग्न. एमाच्या नावावर तीस हजार पौंड आहेत, घर तीच चालवते. पोटासाठी लग्न करायची तिला गरजच नाही. आणि वडिलांना सोडून ती जाणार नाही. मग डॉनवेल अ‍ॅबीचा हा मालक, गावातला बडा जमीनदार, काय करतो? सामान बांधून सासरेबुवांकडे राहायला येतो. त्या काळात घरजावई! होकार मिळतो तोही झकास. शेजारच्या खुराड्यातल्या टर्की चोरीला जातात आणि घाबरलेल्या म्हाताऱ्याला अचानक घरात दणकट जावई हवासा वाटतो.

म्हणून मी वयांची वजाबाकी बंद केलीय. त्याऐवजी तीन प्रश्न. माझे चेक, उशिरा का होईना, माझ्याच खात्यात जमा होतात ना? होतात. मी 'नाही' म्हटलं की ते ऐकलं जातं ना? जातं, कधीकधी तासभर वाद घालून. आणि तिसरा, लग्नानंतर बॅग माझीच भरायची का?

हा तिसरा प्रश्न मी त्याला अजून विचारलेला नाही. आईला सांगण्याआधी तो विचारायलाच हवा. डोंबिवलीत टर्की कोणी पाळत नाही, त्यामुळे चोरांच्या भरवशावर राहून चालणार नाही.