एक-दोनदा केलं तर?

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. विषय गाडीचा आहे. पण ज्यांना गाड्यांत रस नाही त्यांनीही जरा थांबा, कारण शेवटी तो नुसता गाडीचा राहिला नाही. साताऱ्याच्या मंडळींनी तर अगदी शेवटपर्यंत वाचायचं आहे.

गोष्ट मार्चमधली. रात्री जेवताना आमच्या चिरंजीवांनी (वय वर्षे १९) भाताचा घास मध्येच थांबवून विचारलं, "बाबा, ऑटोमॅटिक गाडीनं बर्नआऊट केला तर गिअरबॉक्स खराब होतो का रे?"

भारतातल्या वाचकांसाठी सांगतो. बर्नआऊट म्हणजे एक पाय ब्रेकवर, दुसरा अॅक्सिलरेटरवर. गाडी जागेवर आणि मागची चाकं मात्र गरागरा फिरताहेत, रबर जळतंय, धुराचे लोट उठताहेत. ऑस्ट्रेलियात याचं वेड आहे. कॅनबेराला समरनॅट्स नावाची गाड्यांची जत्रा भरते, १९८८ साली सुरू झालेली, आणि तिथं धूर बघायला हजारो माणसं जमतात. बाकी वर्षभर हाच उद्योग रात्री-अपरात्री रस्त्यांवर चालतो. इथं मेलबर्नच्या पश्चिमेला आमच्या घरापासून जवळच गोदामांचा भाग आहे (आपल्या एमआयडीसीसारखा), तिथल्या चौकात डांबरावर काळी वर्तुळं उमटलेली असतात. कुणीतरी भल्यामोठ्या कंपासनं काढल्यासारखी. अशा पोरांना इकडे 'हून' म्हणतात.

आणि आमच्या दारात उभी होती २००८ सालची होल्डन कमोडोर. सहा सिलिंडरचं इंजिन, चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, आणि मुख्य म्हणजे ताकद मागच्या चाकांना. होल्डनचा शेवटचा कारखाना २० ऑक्टोबर २०१७ ला बंद झाला, पण ह्या गाड्यांवरचं इथल्या लोकांचं प्रेम काही आटलेलं नाही. मी ती सेकंडहँड घेतली होती. दोन लाख दहा हजार किलोमीटर झाल्यावर मी दुसरी घेतली आणि ही मुलाकडे, कॉलेजला जायला.

आता मी पेशानं मेकॅनिकल इंजिनियर. मुलानं आपणहून काही विचारावं, तेही माझ्या विषयातलं, असं गेल्या तीन वर्षांत झालं नव्हतं. मी एवढा खूष झालो की ताटातली आमटी गार झाली तरी माझं भाषण चालूच.

त्याला म्हटलं, समज दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवलेत. एक चालू केला की त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरतो. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये अशीच जोडी असते, टॉर्क कन्व्हर्टर. फक्त वाऱ्याच्या जागी तेल. आता दुसऱ्या पंख्याचं पातं हातानं धरून ठेवलं तर? पहिला फिरतच राहणार. म्हणजे ब्रेक दाबलेला, चाकं अजून सुटलेली नाहीत आणि इंजिन मात्र बोंबलतंय, अशा वेळी इंजिनची सगळी ताकद रवीनं ताक घुसळावं तसं तेल घुसळण्यात जाते. त्याची होते उष्णता. गॅरेजवाले तपासणीसाठी मुद्दाम असं करतात, पण पाच सेकंदांच्या वर करायचं नाही असा नियम आहे, तो उगीच नाही.

गिअरबॉक्सचं तेल साधारण ८०-९० अंशांवर सुखात असतं. त्यापुढे दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं होतं, असा एक ठोकताळा आहे. तेल जळलं की आतल्या क्लच प्लेटींची पकड सुटते, त्या घसरायला लागतात, घसरल्या की आणखी तापतात. दुष्टचक्र.

गंमत अशी की चाकं एकदा सुटून फिरायला लागली की कन्व्हर्टरला उलट जरा हायसं वाटतं. पण मग दुसरी दुखणी. चाकं शंभराच्या वेगानं फिरतात, त्यामुळे गिअरबॉक्सला वाटतं गाडी पळते आहे. तो बिचारा इमानदारीत वरचे गिअर टाकत जातो, प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीखाली. इकडे गाडी जागेवर, म्हणजे समोरून वारा नाही, आणि तेल थंड करणारी नळी बहुतेक गाड्यांत असते रेडिएटरमध्येच, जो स्वतःच तापलेला. मागचे ब्रेकही अर्धवट दाबलेले, तेही भाजून निघतात. साध्या डिफरन्शियलची गाडी असेल तर दोन्ही चाकं सारखी फिरत नाहीत, ज्याची पकड कमी ते एकच चाक वेड्यासारखं फिरतं आणि डिफरन्शियलमधल्या छोट्या गिअरांची वाट लागते. आणि सगळ्यात वाईट तो क्षण, जेव्हा फिरणाऱ्या टायरला अचानक रस्ता सापडतो. तो दणका टायरपासून गिअरबॉक्सपर्यंत प्रत्येक भागाला बसतो. न्यूट्रलमध्ये इंजिन पळवून धाडकन डीमध्ये टाकणारेही महाभाग असतात, त्यांच्याबद्दल तर बोलायलाच नको.

"पण समरनॅट्सला तर कितीतरी गाड्या ऑटोमॅटिकच असतात," तो म्हणाला.

बरोबर होतं त्याचं. ड्रॅग रेसिंगवाले तर टायर तापवायला प्रत्येक शर्यतीआधी बर्नआऊट करतात, आणि त्यांच्यातही ऑटोमॅटिक लोकप्रिय. पॉवरग्लाईड नावाचा दोन गिअरचा जुना अमेरिकन गिअरबॉक्स आजही त्यांचा लाडका आहे. पण ते आतला मालमसाला बदलतात, तेलाला वेगळा मोठा कूलर लावतात, गिअर कधी पडायचा ते स्वतः ठरवतात. आणि मोडणार हे धरूनच चालतात. "ऑटोमॅटिक आहे म्हणून मोडतो असं नाही," मी समारोप केला. "तापतो म्हणून मोडतो, आणि दणक्यानं मोडतो."

"म्हणजे एक-दोनदा केलं तर काही होत नाही?"

"चांगल्या गिअरबॉक्सला? नाही, एक-दोनदानं काही होत नाही."

तो उठला, ताट सिंकमध्ये ठेवलं आणि खोलीत गेला. मी बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. ती म्हणाली, "त्यानं काय विचारलं ते तू ऐकलंस. का विचारलं ते नाही ऐकलंस." मी हसण्यावारी नेलं.

महिन्याभरानं आम्ही ती गाडी विकायला काढली. मुलाला लहान, कमी पेट्रोल खाणारी गाडी हवी होती. ओळखीतून एक जोडपं आलं, मूळ नाशिकचं, इथं येऊन जेमतेम सहा महिने झालेले. ती वृद्धाश्रमात नोकरीला, पहाटेची शिफ्ट, त्या वेळी ट्रेन नाही. शनिवारी बघायला येणार होते.

शुक्रवारी मी गाडी धुवायला घेतली. मागच्या चाकाशी खाली बसलो आणि तसाच बसून राहिलो. डावं टायर पार गुळगुळीत, कडेला रबराचे वितळलेले थर. उजव्याची नक्षी शाबूत. एकच चाक. मीच दिलेलं लेक्चर ते टायर मला परत वाचून दाखवत होतं.

संध्याकाळी गॅरेजमध्ये नेऊन गिअरबॉक्सचं थोडं तेल काढून घेतलं. लालसर पारदर्शक असायला हवं, निघालं तपकिरी, आणि करपलेल्या पोळीसारखा वास. गॅरेजवाला म्हणाला, दोन लाखांच्या वर चाललेल्या गाडीचं तेल असंही होऊ शकतं. ते खरंच होतं. म्हणजे गिअरबॉक्स काही साक्ष देणार नव्हता.

घरी येऊन विचारलं, "कितीदा?"

"चारदा." थोडं थांबून, "आय वॉज गोइंग टू टेल यू. त्या दिवशी सांगणार होतो. पण तू म्हणालास काही होत नाही."

मी ओरडलो, हे कबूल करतो. गाडी नेतील म्हणालो. इथल्या पोलिसांना २००६ पासून हून लोकांच्या गाड्या जप्त करता येतात, आणि २०११ पासून पहिल्याच गुन्ह्याला ३० दिवस. टायर फुटून बाजूला उभ्या असलेल्या पोराच्या तोंडावर आलं असतं तर, म्हणालो. तो खाली मान घालून ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "उद्या त्या लोकांना सांगायचं का?"

आणि मी गप्प झालो.

खरं सांगू? माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. गाडी विकताना इथं रोडवर्दी सर्टिफिकेट लागतं, पण त्यात टायर, ब्रेक, स्टिअरिंग, दिवे असं सुरक्षिततेचं बघतात. गिअरबॉक्स आतून किती शिल्लक आहे हे त्यात येत नाही. टायर बदलले, तेल बदललं, की गाडी पास. चालतेही छान. चार बर्नआऊटनी काही झालंय हे कुणी सिद्ध करू शकणार नाही. खोटं बोलायचंच नव्हतं, फक्त बोलायचं नव्हतं.

रात्री झोप लागली नाही. आणि राहून राहून नाकात त्या करपलेल्या तेलाचा वास. तो वास मी आधी घेतला होता.

१९८९. आमच्याकडे प्रिया स्कूटर होती, साताऱ्यातच बनलेली, त्यामुळे अण्णांना तिचा दुप्पट अभिमान. मी अकरावीत. अण्णा ऑफिसच्या कामाला पुण्याला गेले होते. आम्ही तिघं मित्र ट्रिपलसीट यवतेश्वरच्या घाटात गेलो. चढावर गाडी ओढेना, म्हणून मी अर्धा क्लच दाबून रेस करत करत तिला वर चढवली. एकदा नाही, पैज लावून तीनदा. शेवटच्या वेळी असाच वास आला. घरी आणून फडक्यानं पुसून जागच्या जागी लावली.

पुढच्या आठवड्यात अण्णा आईला घेऊन कोरेगावला लग्नाला निघाले. वाटेत क्लच गेला. मे महिन्याच्या उन्हात अण्णा स्कूटर ढकलत होते, आणि आई शालू नेसून मागून चालत. घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "माझंच चुकलं. वेळेवर दाखवायला हवी होती." त्या महिन्यात त्यांनी चपला नव्या घ्यायच्या होत्या, त्या घेतल्या नाहीत. मी काही बोललो नाही. अण्णा २०११ मध्ये गेले. तोपर्यंत बावीस वर्षं होती माझ्याकडे सांगायला.

'एक-दोनदानं काही होत नाही' हे माझं उत्तर इंजिनियर म्हणून चूक नव्हतं. पण यंत्र हिशेब ठेवतं, आणि वसुलीला येतं तेव्हा सीटवर कोण बसलंय ते बघत नाही. यवतेश्वरचा हिशेब कोरेगावच्या रस्त्यावर निघाला. चौकातल्या चार वर्तुळांचा कदाचित पहाटे साडेचारला, नाशिकच्या त्या मुलीवर निघाला असता.

शनिवारी ते दोघं आले. मी तोंड उघडायच्या आत मुलगाच पुढे झाला आणि त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाला, "ताई, मी ह्या गाडीत बर्नआऊट केलेत. चार वेळा. आय थिंक तुम्हाला माहीत असायला पाहिजे."

तिनं माझ्याकडे बघितलं. "मग काका, गिअरबॉक्स खराब झालाय का?"

तोच प्रश्न! महिन्यापूर्वी ज्यावर मी तासभर बोललो होतो. आता मला एवढंच म्हणता आलं, "आज चांगला चालतोय. उद्याचं मी सांगू शकत नाही."

त्यांनी गाडी घेतली नाही. चहा घेतला, आणि जाताना ती मुलाला म्हणाली, "बरं केलंस सांगितलंस." त्यांना नंतर एक लहान जपानी गाडी शोधून द्यायला मी बरोबर गेलो होतो.

कमोडोर आमच्याच दारात आहे. लहान गाडीचा बेत रद्द. नवे टायर आणि गिअरबॉक्सचं तेल ह्याचे पैसे मुलानं सुपरमार्केटमधल्या पगारातून दिले. अजून चालते. कधीकधी दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना क्षणभर रेंगाळते. मी शेजारी बसलेलो असलो तर तो माझ्याकडे बघतो, मी खिडकीबाहेर बघतो :)

असो. तर दादा, तू हे वाचशील ते ठाऊक आहे. प्रियाचा क्लच मी जाळला होता. अण्णांची काही चूक नव्हती. आईला चष्म्यानंही स्क्रीनवरचं वाचता येत नाही, तेव्हा एवढं तिला वाचून दाखव. ती काय म्हणाली ते मला फोन करून सांग.